अकरा दिवसांचं पाणी

पट्टीकाकू हे नाव त्यांना बसच्या कंडक्टरने दिलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काकू डोंगरावरून दीड तास चालत खाली बसथांब्यापर्यंत यायच्या आणि नोंदींचं जाड पाकीट त्याच्या हातात ठेवायच्या. "ऑफिसात टाका हो. ओलं होऊ देऊ नका," एवढंच त्यांचं बोलणं. कंडक्टर पाकीट शर्टाच्या आत सारायचा आणि म्हणायचा, "पट्टीकाकू, तुमची नदी माझ्या पोटाशी सुखरूप." महिन्याभरात माणसाच्या तोंडून ऐकलेला तो बहुतेक एवढाच विनोद असायचा. परतीच्या चढावर काकू अर्धी वाट तो आठवून हसायच्या आणि उरलेली अर्धी वाट दम खात चढायच्या.

दोन लहान नद्या जिथे मिळतात तिथे वरच्या अंगाला पाटबंधारे खात्याने बांधलेल्या दोन खोल्या, हे त्यांचं घर. एक नदी दाट जंगलातून यायची, दुसरी तोडलेल्या उताराच्या बाजूने, जिथे आता नुसतं गवत आणि गुरांच्या पायवाटा होत्या. काकूंनी लग्न होऊन आल्या वर्षीच त्यांना नावं ठेवली होती, थोरली आणि धाकटी. धाकटी म्हणजे नाकावर राग. पाऊस सुरू झाला की अर्ध्या तासात लाल होऊन धावत सुटायची आणि पाऊस थांबला की तासाभरात जणू काही झालंच नाही अशी गप्प. थोरली जंगलातली. तिच्यावर दुपारी पाऊस पडला तर ती संध्याकाळी हलायची, आणि एकदा चढली की चार चार दिवस उतरायची नाही. पाणीही तिचं फारसं गढूळ व्हायचं नाही. उन्हाळ्यात धाकटीत नुसते गोटे उरायचे तेव्हा थोरली बारीक का होईना, वाहत असायची.

खात्याला हिशेब हवा होता तो थोरलीचा. तिच्या काठावर काँक्रीटच्या खांबाला पांढऱ्या मुलाम्याची लोखंडी पट्टी बसवलेली होती, तिच्यावर काळे आकडे. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरायच्या, पाणी कोणत्या आकड्याला टेकलंय ते वाचायचं, वर येऊन वहीत लिहायचं. अंगणात पावसाचं माप होतं, त्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतून मिलिमीटर मोजायचे. पाणी दोन मीटरच्या वर गेलं तर कोपऱ्यातल्या वायरलेस सेटवरून ऑफिसला कळवायचं, कारण खालच्या गावांना त्यानंतर नऊ तासांनी पूर भेटायचा. दोन मीटरच्या खाली असेल तर कुणी कुणाला विचारायचं नाही.

हे काम मुळात काकूंच्या नवऱ्याचं, पट्टीकाकांचं. काका सत्तावीस वर्षं त्या पायऱ्या उतरले. माणूस अबोल, पण पट्टीच्या बाबतीत भलताच काटेकोर. एकदा काकू म्हणाल्या होत्या, "एक सेंटीमीटर इकडे तिकडे झालं तर कोण बघायला येणार आहे?" काकांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "कुणी बघत नाही म्हणून तर नीट वाचायची." पुढे गुडघे दुखायला लागले तशी दुपारची पट्टी काकू वाचायला लागल्या, मग संध्याकाळचीही. वहीत हळूहळू दोन अक्षरं दिसायला लागली, एक काकांचं बारीक आणि तिरकं, एक काकूंचं गोल. मुलगा तोवर शिकून दूर बंदराच्या शहरात क्रेनवर लागला होता. घराच्या वर एक मोठा सपाट खडक होता, मोबाइलची रेंज फक्त तिथे यायची. रविवारी सकाळी काकू खडकावर जाऊन बसायच्या आणि मुलाचा फोन यायचा.

सहा वर्षांपूर्वी, पाऊसकाळ निम्मा सरला असताना, एका सकाळी काका पट्टी वाचून वर आले आणि पायरीवरच पोट धरून बसले. वरच्या जंगलात, दोन तासांच्या चढावर, वनखात्याची चौकी होती. तिथले दोन रखवालदार नेमके त्याच वेळी रसद घेऊन वर चालले होते. त्यांनी काकांना उचलून बसपर्यंत नेलं. बसने पाच तासांवर शहर, शहरात सरकारी दवाखाना. रखवालदार बसथांब्यावरून परत फिरले. "आमच्यामागे तेवढी पट्टी वाचा," असं त्यांना सांगायचं काकूंच्या ध्यानातच आलं नाही. बस सुटल्यावर आठवलं, पण तेव्हा काय उपयोग.

दवाखान्यात पहिल्याच दुपारी काका शुद्धीवर आले आणि त्यांनी विचारलं, "पट्टी कोण वाचतंय?"

"चौकीवरचा रखवालदार," काकू म्हणाल्या.

"जमेल त्याला?"

"जमेल की. मी दाखवलंय. फोन करून सांगणार आहे तो."

काकांनी डोळे मिटले. बरोबर सहा वाजता त्यांनी पुन्हा डोळे उघडले. "किती?"

काकू उठून बाहेर व्हरांड्यात गेल्या, थोडा वेळ भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि आत येऊन म्हणाल्या, "एक मीटर बेचाळीस."

मग ते रोजचंच झालं. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. काकू व्हरांड्यात जायच्या आणि आकडा घेऊन यायच्या. शहर सपाटीवर होतं, तिथे त्या दिवसांत कोरडं ठणठणीत ऊन. डोंगरातही उघडीप असेल असं त्यांनी धरलं. उघडीप असली की थोरली कशी उतरते हे त्यांना पाठ होतं, आधी दिवसाला दोन सेंटीमीटर, मग दीड, मग एक, मग काही दिवस तिथेच. तसेच आकडे त्या सांगत गेल्या. काका दरवेळी मान हलवायचे. अकराव्या दिवशी दुपारी काकू म्हणाल्या, "एक मीटर सत्तावीस," आणि काका म्हणाले, "उतरतेय. बरं झालं." संध्याकाळचा आकडा ऐकायला ते नव्हते.

मुलगा आला होता. त्याच रात्री सगळं उरकल्यावर तो म्हणाला, "आई, आता माझ्याबरोबर चल." काकू म्हणाल्या, "नोंदी पाठवायच्या राहिल्यात." मुलाला वाटलं आईचं डोकं ठिकाणावर नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने काकू एकट्याच परत आल्या. पायऱ्या उतरून पट्टीपाशी गेल्या तर खांबावर सुकलेल्या पानांचा पट्टा अडकलेला होता, एक मीटर नव्वदच्या आकड्यावर. काठाचं गवत सगळं एका दिशेने झोपलेलं. म्हणजे मधल्या दिवसांत केव्हातरी थोरली चढून गेली होती. वर शहरासारखं ऊन नव्हतं, चांगला पाऊस झाला होता. काकू बराच वेळ त्या पानांकडे बघत राहिल्या. पूर लिहायचा तर तो कोणत्या दिवशी, किती वाजता आला तेही लिहावं लागतं, आणि ते सांगायला तिथे कुणी नव्हतं. शिवाय काकांना सांगितलेले आकडे वेगळे होते. काकूंनी वर येऊन वही उघडली आणि त्या अकरा ओळींत दवाखान्यात सांगितलेलेच आकडे जसेच्या तसे लिहून काढले. पावसाच्या रकान्यात शून्यं. मग महिन्याची नक्कल उतरवून पाकीट बंद केलं.

तिथे जाऊन राहायला दुसरं कुणी तयार होईना, तेव्हा खात्याने काकांच्या जागी काकूंनाच नेमलं. त्यानंतर वहीत एकच अक्षर राहिलं.

एकटं राहण्याची सवय होते असं लोक म्हणतात. काकूंना ती झाली नाही, एवढंच की बोलायची सवय गेली. कधी कधी चार चार दिवस घशातून आवाज निघायचा नाही, आणि मग पट्टी वाचताना त्या मुद्दाम आकडा मोठ्याने म्हणायच्या, स्वतःचा आवाज ऐकायला. रविवारी मुलगा विचारायचा, "आई, तिथे कुणासाठी बसलीयेस?" त्या म्हणायच्या, "जेवलास का?"

अशी दोन वर्षं गेल्यावर एका दुपारी पाठीवर पोतडी आणि हातात कुदळ घेतलेली तिशीतली एक बाई दारात उभी राहिली. विद्यापीठातून आली होती. डोंगरावर पडलेला पाऊस नदीपर्यंत कोणत्या वाटेने आणि किती दिवसांनी पोचतो, हे तिला शोधायचं होतं.

"कोणत्या वाटेने म्हणजे?" काकू म्हणाल्या. "उतारावरून."

"तसं वाटतं खरं," ती म्हणाली. "आपण बघू."

तिला रोज थोरलीचं, धाकटीचं आणि पावसाचं पाणी हवं होतं, तपकिरी काचेच्या छोट्या बाटल्यांत, काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता. ते काम काकूंनी घेतलं. बाटल्यांच्या पेट्या बसने जायला लागल्या तसा कंडक्टर म्हणाला, "काकू, या वयात बाटल्या?" त्यावरून काकूंनी त्या बाईचं नाव बाटलीबाई ठेवलं. तिला ते मॅडमपेक्षा आवडलं. दर दोन महिन्यांनी ती यायची, दहा दिवस राहायची. तिचं अंथरूण वळकटी करून पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात कायमचं ठेवलेलं असायचं. ती नसतानाही काकू ते उन्हात घालून पुन्हा वळून ठेवायच्या.

एकदा तिने जंगलातल्या उतारावर हातभर जागा आखून तिथे निळ्या रंगाचं पाणी झारीने ओतलं. दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून तिथे कमरेइतका खड्डा खणला आणि त्याची एक भिंत सुरीने सपाट केली. काकू बघतच राहिल्या. वरची पानांची गादी सगळी निळी होती, पण खाली निळ्या रेघा गेल्या होत्या, हाताच्या शिरांसारख्या. कुजून गेलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून, वाळवीच्या बिळांतून निळं पाणी खोलवर उतरलं होतं. मधली माती मात्र तशीच लाल होती.

"बघा, वरून वाहिलंच नाही," बाटलीबाई म्हणाली. "आणि तिकडे धाकटीच्या उतारावर गुरांनी तुडवून माती घट्ट झालीय. तिथे हेच पाणी ओतलं तर पायांखालून पळून जातं."

"म्हणून ती लगेच लाल होते."

"म्हणून."

"मग थोरलीला आज पूर आला तर ते आजचंच पाणी ना?"

"तीच तर गंमत आहे. बरंचसं आजचं नसतं. बसच्या रांगेत मागून रेटा आला की दारातून पुढचा माणूस आत पडतो, मागचा नाही. तसं. आजचा पाऊस मागून ढकलतो आणि आधी मुरलेलं पाणी पुढून बाहेर पडतं. तुमच्या बाटल्यांवरून ते कळतं, कारण प्रत्येक पावसाच्या पाण्याच्या वजनात अगदी बारीक फरक असतो. उन्हाळ्यात थोरलीत वाहतं त्यातलं काही पाणी पाच-सात वर्षांपूर्वी पडलेलं आहे."

काकूंनी मनात वर्षं मोजली. पाच-सात वर्षांपूर्वीचा पाऊस त्यांच्या वहीत तिरक्या अक्षरात होता. त्या खड्डा बुजवायला लागल्या.

बाटलीबाईला काकांच्या आणि काकूंच्या जुन्या वह्यांचा फार उपयोग झाला. एवढ्या सलग, एवढ्या नीट नोंदी या भागात कुठेच नाहीत, असं ती म्हणायची. लोखंडी पेटीतल्या सगळ्या वह्या तिने एकेक करून उतरवून घेतल्या. चौथ्या वर्षी तिने वनखात्याच्या चौकीवरचं पावसाचं रजिस्टरही मिळवलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बसली. दोन दिवस ती टेबलावरून उठलीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारची पट्टी वाचून काकू वर आल्या तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"काकू, इकडे या. हे बघा. या अकरा दिवसांत वर चौकीवर दोनशे बारा मिलिमीटर पाऊस पडलाय. दोनशे बारा. आणि तुमच्या घराशी थेंब नाही, थोरली बोटभरही चढली नाही. उलट उतरतेय. सगळं पाणी डोंगराने गिळलं. हे असं कुठेच कुणी नोंदवलेलं नाही."

काकूंनी वहीकडे बघितलं. ती ओळ ओळखायला तारीख वाचायची गरज नव्हती.

"आधी मला वाटलं नोंद चुकली असेल," बाटलीबाई सांगत होती. "पण चुकलेली नोंद अशी नसते. किती सुरेख उतरलीय बघा. दोन, दोन, दीड, एक. अगदी खरी नदी उतरते तशी. यावर मी पूर्ण एक प्रकरण लिहिणार आहे. गुरुवारी गेले की पाठवूनच देते."

काकूंनी चहा टाकला. दूध उतू गेलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

तो दिवस सोमवार होता. मंगळवार गेला. बुधवारी सकाळी बाटल्या भरताना काकूंच्या हातून एक बाटली दगडावर आपटली, असं कधी झालं नव्हतं. सांगितलं तर काय होईल हे त्यांना दिसत होतं. नोकरी जाईल ती जाईल, पण ते अंथरूणही कोपऱ्यातून जाईल. आणि न सांगितलं तर ही पोरगी खोट्या अकरा ओळींवर आपलं घर बांधेल. खोटं एवढं छान जमलं होतं याचीच त्यांना लाज वाटली. नदी इतकी पाठ नसती तर ते उघडं तरी पडलं असतं.

बुधवारी दुपारी बाराची पट्टी लिहून झाल्यावर त्या वही न मिटताच बोलल्या.

"बाटलीबाई, ते अकरा दिवस काढून टाका."

"कोणते? का?"

"ते मी लिहिलेत."

"तुम्हीच लिहिता की सगळे."

"इतर वाचून लिहिते. ते न वाचता लिहिलेत. मी इथे नव्हते. हे दवाखान्यात होते, मी त्यांच्यापाशी होते. इथे कुणीच नव्हतं."

बाटलीबाईने पेन खाली ठेवलं. बाहेर थोरलीचा आवाज येत होता. तिने विचारलं, "आणखी कुठे असं केलंय?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही. पण आता मी सांगून तुम्ही मानावं असं मी काय ठेवलंय?" काकू म्हणाल्या. मग आठवून म्हणाल्या, "एक गोष्ट मात्र खरी आहे. मी परत आले तेव्हा खांबावर पानं अडकलेली होती, एक मीटर नव्वदवर. म्हणजे तिथपर्यंत पाणी आलं होतं. केव्हा आलं ते ठाऊक नाही."

बाटलीबाईने ते लिहून घेतलं. "मला हे खात्याला कळवावं लागेल, काकू. या नोंदी आणखीही लोक वापरतात."

"कळवा."

ती गुरुवारी सकाळी जाणार होती, ती बुधवारी दुपारच्याच बसला निघाली. रागावलेली दिसत नव्हती, पण निघताना तिने अंथरुणाची वळकटी उचलून पाठीला बांधली.

तीन आठवड्यांनी खात्याचे उपअभियंता दोन हमाल घेऊन आले. पायऱ्या चढता उतरता त्यांना धाप लागली होती. त्यांनी विचारलं त्याची काकूंनी उत्तरं दिली, विचारलं नाही तेही सांगितलं. साहेबांनी पेटीतल्या तेहतीस वह्या पोत्यांत भरून घेतल्या, सगळ्या तपासायला. "तोवर काम चालू ठेवा," ते म्हणाले. मग नाही होय करत पुढे म्हणाले, "बाई, नोंद नाही असं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

काकूंकडे याचं उत्तर होतं, पण ते साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं.

पेटी रिकामी झाली. काकूंनी ती पुसून ठेवली. त्या महिन्यांत त्यांना सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. वह्या होत्या तोवर कधीही काढून काकांचं अक्षर बघता यायचं, म्हणून त्यांनी ते कधी फारसं बघितलंच नव्हतं. आता बघावंसं वाटायला लागलं तर घरात त्यांच्या हातचा एकही आकडा उरला नव्हता. कपाटात एक जुनं कॅलेंडर सापडलं, पण त्यावर काकांनी काही लिहिलेलं नव्हतं.

बाटल्या भरणंही थांबलं होतं. काकू दिवसातून तीन वेळा पट्टी वाचायच्या, आकडा मोठ्याने म्हणायच्या, लिहायच्या. मुलाला त्यांनी खडकावरून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना तू आकडे सांगत होतीस?" काकू म्हणाल्या, "रोज." त्या रविवारी दोघंही नंतर फारसं बोलले नाहीत, पण फोन नेहमीपेक्षा उशिरा ठेवला गेला.

तीन महिन्यांनी पत्र आलं. इतर नोंदींत दोष आढळला नाही, ते अकरा दिवस रद्द केले आहेत, पुन्हा असं घडल्यास कारवाई होईल, काम पूर्ववत चालू ठेवावं. वह्यांबद्दल पत्रात काही नव्हतं. त्या परत आल्याच नाहीत. काकूंनी दोनदा लिहून विचारलं, तेव्हा त्या मुख्य कचेरीत जपून ठेवल्याचं उत्तर आलं.

सात महिन्यांनी, उन्हाळ्यात, बाटलीबाई मातीतलं पाणी मोजायला तिने जमिनीत पुरलेल्या नळ्या काढून न्यायला आली. तिचं काम संपलं होतं. एकाच दिवसासाठी आली होती, संध्याकाळच्या बसने परत जाणार होती. दोघींनी मिळून नळ्या उपटल्या, चिखल धुतला, मोजून बांधल्या. बोलणं कामापुरतंच. चहा पिताना काकूंनी विचारलं, "तुमचं नुकसान झालं का?"

"झालं," ती म्हणाली. "वर्ष गेलं. सगळं पुन्हा लिहावं लागलं. अकरा दिवस कोरे ठेवले, आणि खाली तळटीप दिली, पुराची खूण एक मीटर नव्वद."

"हं."

तिने कप खाली ठेवला. "काकू, त्या अकरा दिवसांत काय झालं होतं?"

"सांगितलं की तेव्हाच."

"नदीचं नाही विचारत मी."

काकूंना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मुलाने विचारलं नव्हतं, साहेबांनी विचारलं नव्हतं. त्यांनी आधी पदराने टेबल पुसलं. मग बसपासून सुरुवात केली. बसमध्ये काकांचं डोकं मांडीवर होतं आणि प्रत्येक खड्ड्याला ते "सॉरी" म्हणत होते, जसा काही खड्डा त्यांनीच पाडला होता. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक म्हातारा दिवसभर रेडिओ लावायचा आणि सहा वाजायला आले की आपण होऊन बंद करायचा, कारण काकांच्या आकड्याची वेळ झाली हे त्यालाही ठाऊक झालं होतं. व्हरांड्यात झाडू मारणारी बाई काकूंना रोज भिंतीशी उभ्या बघायची. एकदा तिने विचारलं होतं, "फोन तर हातात नाही, मग कुणाशी बोलता?" शेवटच्या दिवशी काकांनी काकूंचा हात धरला नव्हता, त्यांनी घड्याळ धरलं होतं, काकूंच्या मनगटावरचं. हे सांगताना काकू हसल्या आणि मग त्यांना पुढे सांगता येईना. बाटलीबाईने घाई केली नाही. बस चुकली असती पण ड्रायव्हर ओळखीचा होता, ती परत येणार हे ठाऊक असल्यामुळे थांबला.

जाताना ती म्हणाली, "येत जाईन." काकू म्हणाल्या, "या." दोघींनाही ठाऊक होतं की काम नसताना कुणी पाच तासांची बस आणि दीड तासाचा चढ करून येत नाही. पुढे तिची दोन पत्रं आली, एक फोन आला.

त्यानंतरच्या पाऊसकाळात काकूंना ताप भरला. सकाळी उठायला गेल्या तर खोली गरगर फिरली. भिंतीला धरून दारापर्यंत गेल्या, चौऱ्याऐंशी पायऱ्यांकडे बघितलं आणि परत येऊन पडल्या. दोन दिवस त्या तशाच होत्या. पाणी प्यायला तेवढं उठायचं. खिडकीतून थोरलीचा आवाज येत होता, त्यावरून ती कुठवर असेल याचा अंदाज त्यांना सहज बांधता आला असता, एक मीटर तीस, पस्तीसच्या आसपास. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा त्यांनी वही जवळ ओढली, दोन दिवसांच्या ओळींवर आडवी रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, नोंद नाही. मग काठी घेऊन, मध्ये चार वेळा बसत, बाराची पट्टी वाचायला उतरल्या.

पहिल्या तारखेला पाकीट गेलं. नंतरच्या आठवड्यात दुपारी वायरलेस खरखरला. ऑफिसचा कारकून होता. पूर नसताना त्या सेटवर आवाज यायची वेळ क्वचितच यायची, म्हणून काकू धावतच गेल्या.

"पट्टीबाई, दोन दिवस नोंद नाही असं दिसतंय. कारण लिहिलेलं नाही. कारण लागतं. ओव्हर."

"आजारी होते. ओव्हर."

"कोण आजारी? ओव्हर."

"मी. इथे मीच आहे. ओव्हर."

पलीकडून थोडा वेळ नुसती खरखर आली. बहुतेक तो लिहून घेत होता. मग आवाज आला, "ताप होता का? ओव्हर."

"होता. ओव्हर."

"आता बरं वाटतंय ना? ओव्हर."

काकूंनी बटण दाबलं आणि काय बोलावं ते त्यांना चटकन सुचेना. पलीकडचा माणूस थांबून राहिला होता. त्या तोंडाजवळ माईक धरून तशाच उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं आहे. खोकला आहे थोडा." आणि ओव्हर म्हणायचं विसरल्या.